परत फोन लावायचा नाही

बागूल मॅडमनी सकाळीच सांगितलं,
आज कान धुऊन बसा.

नाशिकच्या कानांचं एक आहे, ते सरावलेले.
देवळालीकडून तोफा वाजतात, खिडकीची काच थरथरते,
आपण चहा ढवळत राहतो.
द्राक्षबागेत पाखरं उठवायला फटाके लावतात,
लग्नाच्या तिथीला तर विचारूच नका.
तेव्हा कुणी धापा टाकत म्हणालं, ताई, गोळ्या चालल्यात,
तर तुमचा अर्धा मेंदू म्हणणार, फटाके असतील.
त्या अर्ध्याला आज घरी पाठवा.

मग फळ्यावर एकच शब्द लिहिला: कुठे.
नाव नंतर. ‘का’ तर कधीच नाही.
कुठे, कितवा मजला, कोणता जिना,
शेवटचा आवाज वरून आला की डावीकडून.
बोलता येत नसेल तर फोनवर बोट वाजवू द्या,
एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.
आणि ‘शांत व्हा’ म्हणू नका.
शांत व्हा म्हटल्यावर शांत झालेला माणूस
मी अजून पाहिला नाही, घरच्यासकट.
तेवढं एकदाच हसलो आम्ही.

दुपारी सराव.
कॉलेज खोटं, तिसरा मजला खोटा, बंदूकवाला कागदावरचा.
फक्त झाडलोट करणाऱ्या अलकाताई गांगुर्डे
खालच्या रेकॉर्ड रूममध्ये खरोखर टेबलाखाली बसलेल्या,
चार ओळींची चिठ्ठी आणि स्वतःचा फोन घेऊन.

हेडसेट माझ्या डोक्यावर.
कुठे आहात?
लॅबमध्ये.
दार?
लावलंय. कडी तुटकीये.
(कडी चिठ्ठीत नव्हती, हे मला नंतर कळलं.)
किती जण आहात?
टक. टकटक. टक.
हा आकडा, की हो-नाही-हो?
माझाच प्रश्न चुकला होता.
दुरुस्त करेपर्यंत पलीकडून श्वास,
मग अगदी हळू:
माझा पोरगा खाली आहे, पहिल्या मजल्यावर.
हेही चिठ्ठीत नव्हतं.

शेजारी पिंजारी गाड्या वळवत होता,
शरणपूर रोडची एक, सातपूरची एक,
पडद्यावर निळे ठिपके मुंगीच्या चालीने,
आणि लाइन कट झाली.

सहा वर्षांची सवय.
कट झालेला कॉल लगेच परत लावायचा,
हे मी झोपेतही करते, नवरा सांगतो.
बोट गेलं. मी नाही, बोट.

खालून जिन्यावाटे रिंग वर आली.
लहान पोराचं खिदळणं.
अलकाताईंनी नातवाचं हसू रेकॉर्ड करून
रिंगटोन म्हणून लावलेलं.
दोन मजले चढून आलं ते, थांबेना.
पिंजारीने हेडसेट उतरवून टेबलावर ठेवला.
मॅडम रागावल्या नाहीत.
त्यांनी ते पूर्ण वाजू दिलं
आणि म्हणाल्या, आता तो दाराशी आहे.

अलकाताई गुडघे झटकत वर आल्या.
बरोबर केलं का मी?
कडीचं विचारलं तर म्हणाल्या, तुटकीच आहे,
मागच्या वर्षापासून सांगतेय साहेबांना.
पोराचं कुणी विचारलं नाही.
त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला.

रात्रपाळीला मखमलाबादहून फोन: विहिरीत मांजर पडलंय.
कुठे? पायऱ्या कोणत्या बाजूला? आणखी कुणी आहे आत?
ताई, मांजर आहे हो, म्हणाला तो माणूस.

सकाळी त्र्यंबक नाक्यावर चहा घेताना
धाकट्या भावाचा फोन दोनदा वाजून गप्प झाला.
साडेआठला त्याचं कॉलेज भरतं.
देवळालीकडून काहीतरी धडाडलं.
चहावाल्याचा चमचा थांबला नाही.
मी फोन ग्लासाशेजारी पालथा ठेवला,
उलटा केला, परत पालथा ठेवला.
चहावर साय धरली.